खंदकातले हिरडीचे दुखणे

पहिल्या महायुद्धात (1914-18) पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत सैनिकांच्या हिरड्या कुजत, रक्त येई आणि तोंडाला असह्य दुर्गंधी सुटे. ‘ट्रेंच माउथ’ हे नाव तिथलेच. अशा व्रणांतले जंतू फ्रेंच डॉक्टर व्हँसां यांनी 1890च्या दशकातच वर्णिले होते, त्यामुळे रोग संसर्गाचा मानला गेला. पण हेच जंतू निरोगी तोंडातही थोडेफार असतात; ते उलटतात, ते शरीराचा प्रतिकार ढासळल्यावर. मानसिक ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, झोप मोडते आणि सिगारेट वाढते.

खंदकात घाण, निकस आहार आणि तंबाखूही होतीच, मग ताणालाच दोष का, हा आक्षेप रास्त आहे. 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या प्रयोगात दात घासणे थांबवताच निरोगी तरुणांच्या हिरड्या सुजल्या. म्हणजे हिरडी सुजण्याचे मूळ कारण दातांवरचा जंतूंचा थरच. परंतु हा कुजवणारा आजार पुढे परीक्षेच्या काळातल्या विद्यार्थ्यांतही दिसला, आणि तिथे खंदक नव्हता. म्हणून ताण हा एकटा गुन्हेगार नसला, तरी साथीदार नक्कीच आहे. दातांची सफाई आणि गरजेनुसार मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध यांनी हिरडी बरी होते. झोप, तंबाखू आणि ताण यांची विचारपूस न करणारा उपचार मात्र अपुराच राहतो.