घाईच्या लशीची पन्नास वर्षे

‘इतक्या घाईत लस आलीच कशी?’ हा प्रश्न २०२१ मध्ये मला अनेकांनी विचारला. प्रश्न गैर नव्हता. उत्तर शोधताना मी जाऊन पोचलो थेट १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या एका फसलेल्या लशीपाशी.

तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणारा आरएसव्ही हा विषाणू. तो फॉर्मेलिनने मारून लस केली आणि बाळांना टोचली. पुढे संसर्गाची साथ आली, तेव्हा लस घेतलेली मुलेच अधिक आजारी पडली. एका गटात संसर्ग झालेल्यांपैकी ८० टक्के रुग्णालयात गेली. दोन बाळे दगावली. त्यानंतर कित्येक दशके ती वाट जवळजवळ बंदच राहिली.

२०१३ मध्ये बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी त्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे पेशीत शिरण्यापूर्वीचे रूप उलगडले. हे प्रथिन चाप लावलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे; एकदा सुटले की आकारच पालटतो. मारलेल्या विषाणूत बहुतेक सापळे आधीच सुटलेले होते. शरीराने प्रतिपिंडे केली, पण ती निरुपयोगी रूपाविरुद्ध. (अनर्थाचे हे एकमेव कारण नव्हे, पण मोठे खरे.)

करोनाच्या काट्याचेही तसेच. मर्सच्या विषाणूवर काम करताना याच मंडळींनी काट्यातली दोन अमिनो आम्ले बदलून तिथे प्रोलिन बसवले. प्रोलिन ताठर, त्यामुळे चाप सुटत नाही. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, तेव्हा युक्ती तयारच होती. मॉडर्ना, फायझरने ती वापरली. आपली कोव्हिशील्ड मात्र मूळ काट्यावरच बेतलेली, आणि कोव्हॅक्सिन तर पुन्हा अख्खा मारलेला विषाणू! अर्थात १९६६ चा धडा तिथे विसरला गेला नव्हता. प्रतिकाराला योग्य वळण लावणारे पूरक द्रव्य तिच्यात मुद्दाम घातले होते.

चाचणीचा नेम निराळा. मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेला पुण्याच्या मायलॅबचा घरगुती संच काटा शोधत नाही. आरएनए गुंडाळून ठेवणारे आतले न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन शोधतो. ते विपुल असते आणि काट्याइतके बदलत नाही. ओमायक्रॉनच्या काट्यात तीसहून अधिक बदल होते, तरी अशा पट्ट्यांवर रेघ उमटतच राहिली.

यातून एक खूणही मिळाली. फक्त काट्याची लस घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडची प्रतिपिंडे सापडली, तर संसर्ग होऊन गेला हे कळते. कोव्हॅक्सिन घेतलेल्याबाबत ही खूण चालत नाही. त्याच्या शरीराला अख्ख्या विषाणूची ओळख सुईतूनच झालेली असते.