व्हॉट्सॲपवर 'फॉरवर्डेड' हे लेबल कसं आलं? राईनपाड्यानंतर एका टेक कंपनीने काय केलं, काय टाळलं

परभणी जिल्ह्यातलं पालम असो किंवा पुणे, आलेला मेसेज पुढे पाठवायला गेलं की व्हॉट्सॲप पाच चॅटवर थांबवतं. मेसेज दुसरीकडून आलेला असेल, तर वर बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' दिसतं. या गोष्टी आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या का आल्या, हा प्रश्नही पडत नाही. त्यामागे २०१८ साली अफवांमुळे देशभरात झालेल्या जमावहत्या आहेत. त्यातली एक मोठी घटना महाराष्ट्रातली आहे.

राईनपाड्यात काय घडलं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या भागात आधीच पसरली होती. जमावाने त्यांना गाठलं, ग्रामपंचायत कार्यालयात कोंडलं आणि मारहाण केली. पाचही जणांचा मृत्यू झाला.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून आलेले दोघे लहान मुलाला उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश देतात. फिरणाऱ्या क्लिपमधून नेमका हा शेवट कापलेला होता.

कंपनीने काय पावलं उचलली?

व्हॉट्सॲपचे तेव्हा भारतात २० कोटींहून जास्त वापरकर्ते होते, पण भारतासाठी वेगळा प्रमुख नव्हता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ३ जुलैला कंपनीकडे तीव्र नाराजी नोंदवली. पुढचा घटनाक्रम असा:

• जुलैचा पहिला आठवडा : कंपनीने हिंसेबद्दल धक्का व्यक्त केला. सरकार, समाज आणि टेक कंपन्यांनी मिळून हा प्रश्न सोडवायला हवा, अशी भूमिका मांडली.
• १० जुलै : इंग्रजी आणि हिंदी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती. खोटी माहिती ओळखण्यासाठी दहा सूचना. त्याच दिवशी 'फॉरवर्डेड' लेबल सुरू.
• जुलैचा तिसरा आठवडा : एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा. जगात इतरत्र ती २० होती. फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही भारतात काढलं.
• ऑगस्ट-सप्टेंबर : आकाशवाणीवर जाहिराती, आधी हिंदीत, नंतर इतर भारतीय भाषांत. भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमला, पण त्याचं कार्यालय अमेरिकेत.
• डिसेंबर : टीव्हीवर जाहिराती.

यात जनसंपर्काचा भाग कोणता?

जनसंपर्क म्हणजे फक्त प्रेस नोट काढणं नव्हे. मोठ्या टेक कंपनीला एकाच वेळी सरकार, पत्रकार, गुंतवणूकदार आणि वापरकर्ते अशा वेगवेगळ्या लोकांशी बोलावं लागतं आणि प्रत्येकासाठी मार्ग वेगळा असतो. मंत्रालयाला पत्र जातं, दिल्ली-मुंबईत वाचली जाणारी वृत्तपत्रं जाहिरातीतून गाठता येतात. अफवा मात्र गावागावांत, स्थानिक भाषेत आणि आवाजी मेसेजमधूनही पसरत होती. तिथपर्यंत इंग्रजी वृत्तपत्राचं पान पोहोचत नाही. रेडिओ पोहोचतो, पण त्या जाहिराती यायला दोन महिने गेले.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. जाहिरात वापरकर्त्याला सांगते की तू सावध राहा. म्हणजे जबाबदारी त्याच्यावर जाते. लेबल आणि मर्यादा यांसाठी कंपनीला स्वतःचं ॲप बदलावं लागलं. जाहिरात वाचली नाही, अशा माणसालाही हा बदल लागू होतो.

अर्थात मर्यादेलाही मर्यादा होती. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण असू शकत. पाच ग्रुप निवडले तरी एका झटक्यात मेसेज जवळपास १,२८० लोकांपर्यंत जाई. म्हणून नियम पुढे आणखी कडक झाले. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं ठरलं. २०२२ मध्ये आधीच फॉरवर्ड झालेला कोणताही मेसेज एकावेळी एकाच ग्रुपला, हा नियम आला.

कंपनीने काय मान्य केलं नाही?

अफवेचा मेसेज सर्वांत आधी कुणी पाठवला, हे शोधून द्या, अशी सरकारची मागणी होती. व्हॉट्सॲपने ती नाकारली. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. मूळ शोधायचं तर सगळ्यांचीच गोपनीयता मोडेल, असं कंपनीचं म्हणणं. २०२१ च्या आयटी नियमांत ही मागणी कायद्याच्या रूपात आली आणि कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर भारतात सेवा चालवता येणार नाही, असं तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितलं.

याच एन्क्रिप्शनमुळे आणखी एक अडचण होते. २०२० च्या नियमानंतर खूपदा फॉरवर्ड होणारे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने जाहीर केलं. हा आकडा कंपनीचाच आहे. बाहेरच्या कुणाला तो स्वतंत्रपणे तपासून पाहता येत नाही.

कंपनीचं निवेदन कसं वाचायचं?

एखाद्या टेक कंपनीवर संकट आलं आणि तिचं निवेदन समोर आलं, की तीन गोष्टी पाहाव्यात. ॲपमध्ये प्रत्यक्ष काय बदललं? आकडा दिला असेल तर तो कुणाला तपासता येतो का? आणि ज्यांना फटका बसला, त्यांच्या भाषेत कंपनी बोलली का?

दोन बाणांचा अर्थ

मेसेजवर दोन बाण दिसले तर तो मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच टप्पे फिरून आलेला असतो. लेबल एवढंच सांगतं. मेसेज खरा की खोटा, हे ते सांगत नाही. गावात अनोळखी माणसं फिरत असल्याचा किंवा मुलं पळवल्याचा मेसेज आला, तर तो ग्रुपवर टाकण्याआधी ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात विचारता येतं.