केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि दृक्प्रत्ययाची कसोटी

देवळातील उत्सवाची तिथी ठरविताना ज्या पंचांगकर्त्यांचे ऋण आपण नकळत वाहतो, त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव मोठे आहे. १८५४ साली नरगुंद येथे जन्मलेल्या ह्या विद्वानाने शिक्षकाची नोकरी सांभाळून ‘ज्योतिर्गणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान आकाशात प्रत्यक्ष पडताळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ह्यालाच आपण दृक्प्रत्यय म्हणतो.

‘प्लूटो खरा केतकरांनीच शोधला, श्रेय मात्र परकीयांनी नेले,’ असे कौतुकाने बोललेले आम्ही ऐकले आहे. व्यवसायाने आम्ही वकील. दावा आपल्याच पक्षाचा असला, तरी कागदपत्र पाहिल्यावाचून तो मान्य करणे आम्हांस जमत नाही. म्हणून ह्या प्रकरणाचे दप्तर उघडून पाहू.

फ्रेंच ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत १९११ साली केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. आधार होता लाप्लासच्या गणिताचा. गुरूचा गॅनिमीड हा चंद्र एक फेरी करतो, तेवढ्यात युरोपा दोन व आयो चार फेऱ्या करतो. असाच मेळ बाहेरच्या ग्रहांतही असला पाहिजे, असे केतकरांनी धरले. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर एक मानल्यास ब्रह्माचे अंतर ३८.९५ व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे, हे त्यांचे उत्तर.

पुढे १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ ह्या चोवीस वर्षांच्या शेतकरीपुत्रास, जानेवारीत काही दिवसांच्या अंतराने घेतलेली आकाशाची दोन छायाचित्रे ताडून पाहताना, एक ठिपका सरकलेला दिसला. तोच प्लूटो. त्याचे अंतर सुमारे ३९.५ आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे. केतकरांचे आकडे किती जवळ आले होते, हे वाचकांच्या लक्षात येईलच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले.

येथवरचा पुरावा आपल्या बाजूचा आहे. आता उलटतपासणी.

केतकरांनी अंतर व काल सांगितला. आकाशात ग्रह कोठे शोधावा, हे सांगितले नाही. युरेनस व नेपच्यून ह्यांच्यात त्यांनी गृहीत धरलेला मेळ काटेकोरपणे जुळत नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात, हे खरे. पण ते प्रमाण केतकरांच्या आकड्यांतून निघत नाही. विष्णू तर आजतागायत कोणास सापडला नाही.

मात्र हाच न्याय दुसऱ्या पक्षासही लावला पाहिजे. पर्सिव्हल लोवेल ह्यांनी १९१५ साली युरेनसच्या गतीतील तफावतीवरून एका मोठ्या ग्रहाचे भाकीत केले होते आणि प्लूटो त्या जागेच्या जवळच सापडला. परंतु १९७८ साली प्लूटोचा शॅरन हा चंद्र आढळला, तेव्हा प्लूटोचे वजन निश्चित झाले. ते पृथ्वीच्या सुमारे पाचशेवा हिस्सा भरले! इतका हलका गोल युरेनसला काय ओढणार? १९८९ साली व्हॉयेजर-२ यानाने नेपच्यूनचे वस्तुमान अचूक कळविले आणि १९९३ सालच्या फेरगणितात ती तफावतच उरली नाही. म्हणजे लोवेल ह्यांचेही यश योगायोगाचेच. शोधाचा मान टॉम्बॉ ह्यांचा, कारण त्यांनी पाहिले.

२००६ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघाने प्लूटोस बटुग्रहांत बसविले. त्याच वर्षी निघालेले न्यू होरायझन्स यान, टॉम्बॉ ह्यांची थोडी रक्षा घेऊन, १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले.

न्यायालयात कधी निकाल योग्य असतो, पण कारणमीमांसा टिकत नाही. ब्रह्माचे प्रकरण त्या जातीचे आहे. नरगुंदच्या एका शिक्षकाने सूर्यमालेच्या सीमेचा प्रश्न स्वतःचा मानला, नियम शोधला, आकडे छापून जगापुढे ठेवले आणि तपासणीस वाव दिला, एवढा मान त्यांचा निर्विवाद आहे. त्याहून अधिक मागणे म्हणजे ज्या दृक्प्रत्ययासाठी ते जन्मभर झटले, त्याच कसोटीतून त्यांना सूट मागणे होय. ती सूट त्यांनी स्वतः घेतली नसती, असे आम्हांस वाटते.