काटकसर, संचय आणि धम्म

काटकसर करून धन साठविणे हे भांडवलशाही मूल्य होय काय? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ साली युरोपातील काही प्रॉटेस्टंट पंथीयांच्या काटकसरी जीवनाचे नाते भांडवलशाही वृत्तीशी जोडले. उपभोग वर्ज्य आणि अर्जन हे कर्तव्य मानले की उरलेले धन पुन्हा भांडवलातच जाते, असा त्यांचा आशय होता. परंतु संचय हा भांडवलशाहीहून पुष्कळ प्राचीन आहे. म्हणून त्याची कसोटी आम्ही बौद्ध इतिहासात शोधू इच्छितो.

संयुत्तनिकायात श्रावस्तीच्या एका निपुत्रिक सेट्ठीची कथा आहे. त्याच्या मृत्यूनंतर ऐंशी लक्ष सुवर्णनाणी राजा पसेनदीने आपल्या ताब्यात घेतली. हा सेट्ठी मात्र कण्या आणि आंबट पेज खाई, जाडीभरडी वस्त्रे नेसे व मोडक्या गाडीतून फिरे. भगवंतांनी या काटकसरीस सद्‌गुण म्हटले नाही. निर्जन स्थळीच्या पुष्करिणीचे पाणी कोणी न पिता आटून जाते, तसे हे धन व्यर्थ गेले, असे त्यांनी सांगितले.

याउलट दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला धनाचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. म्हणजे संचय निषिद्ध नाही. निरुद्देश संचय निंद्य आहे.

नाशिकच्या लेण्यांत याचा शिलालेखीय पुरावा मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज होते. वर्षाचे ते दोनशे चाळीस कार्षापण वीस भिक्खूंच्या चीवरांसाठी, प्रत्येकी बारा याप्रमाणे, खर्ची पडत. येथे मुद्दल आहे, व्याजही आहे. परंतु वाढ हे साध्य नसून संघाचा निर्वाह हे साध्य आहे.

तथापि व्यक्तीच्या सदाचाराने शोषणाची व्यवस्था बदलत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी केली. अर्धपोटी श्रमिकाला काटकसरीचा उपदेश करणे ही त्याची क्रूर थट्टाच होय. त्याने मुलांच्या शिक्षणासाठी राखलेली शिल्लक भांडवलशाही ठरत नाही. प्रश्न किती साठविले हा नाही. ते कोणाच्या श्रमातून आले आणि कोणाच्या उपयोगी पडले, हा आहे. आपल्या समाजातील सुस्थित झालेल्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, असे आम्हांस वाटते.