तळटीप : नवाचा ताळा

* मूळ लेखकाने इथे अंकांची बेरीज करून ताळा पाहिला, पण कारण दिलेले नाही. शाळेतही नियम पाठ होतो आणि कारण राहून जाते. माझ्या मते ही उणीव मोठी आहे. ४७५२ घ्या. ४ हजार म्हणजे ४ वेळा ९९९ आणि वर ४. ७ शतक म्हणजे ७ वेळा ९९ आणि वर ७. ५ दशक म्हणजे ५ वेळा ९ आणि वर ५. नवांच्या त्या पटींना ९ ने भाग जातोच. उरतात ४, ७, ५ आणि एककाचे २. बेरीज १८, म्हणून संख्येलाही निःशेष भाग जातो. ३ ची कसोटी याच कारणाने चालते.

मात्र अंकांची अदलाबदल हा ताळा पकडत नाही. ९९ × ४८ चे उत्तर ४७५२ ऐवजी ४५७२ लिहिले, तरी बेरीज १८च. तिथे ११ ची कसोटी लावावी : एकाआड एक अंकांच्या बेरजा घ्यायच्या. ४७५२ मध्ये ४+५ आणि ७+२, फरक शून्य, म्हणून भाग जातो. ४५७२ मध्ये ११ आणि ७, फरक ४. भाग जात नाही. पुढच्या पानावरचे गुणाकार वाचकांनी दोन्ही ताळ्यांनी तपासावेत. – संपा.