छापील मूत्रपिंडाचं बिल कोण भरणार?

माणसाच्या पेशींपासून अवयव 'छापण्याचं' शास्त्र आता प्रयोगशाळेत रुजलं आहे. हैदराबादच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा कॉर्निया छापून सशाच्या डोळ्यात बसवला. छापलेलं मूत्रपिंड मात्र अजून कुणाही माणसाला बसवलेलं नाही. ते येईल तेव्हा आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला परवडेल का? उत्तरासाठी मी थोडा मागे जातो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला, तो यशस्वी झाला नाही. यश आलं १९७१ मध्ये, वेल्लोरला. पुढे १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि रोपणं अधिक टिकू लागली. पण खर्चाची तऱ्हाच बदलली. शस्त्रक्रिया एकदाची, शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या मात्र रोजच्या. त्याच काळात गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजार भरला. १९९४च्या कायद्याने अवयवविक्रीला बंदी केली. उपचाराचं बिल कोण भरणार, हा प्रश्न उरलाच.

राज्याची जीवनदायी योजना १९९७ची. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंडरोपणासाठी अडीच लाख. पुढे तिचं नाव महात्मा फुले योजना झालं आणि २०२३ मध्ये रोपणाची मर्यादा साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला. म्हणजे वेल्लोरचं यश आमच्या जिल्ह्यात रोखीविना मिळायला ४१ वर्षं लागली!

शिवाय काही खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. श्रीवर्धन-मुरुडकडच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं. गाडीभाडं त्याचं, आणि सोबत जाणाऱ्याची मजुरीही बुडते. ऐन मासेमारीच्या हंगामात हा फटका मोठा असतो.

छापील अवयव रुग्णाच्याच पेशींचा असेल, तर त्या रोजच्या गोळ्या कदाचित टळतील. खरी बचत तिथेच आहे. पण पेशी वाढवणं, निर्जंतुक प्रयोगशाळा, चाचण्या, तज्ज्ञ मनुष्यबळ यांमुळे सुरुवातीची किंमत जबर असणार. म्हणून पैशाची तजवीज शोधाबरोबरच व्हायला हवी. पुन्हा ४१ वर्षं थांबण्याइतका वेळ डायलिसिसवरच्या माणसापाशी नसतो.