आंब्याचं वय आणि भावकी

मोहोळ तालुक्यात आंब्याचं झाड किती वर्षं जगतं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, झाडात हिस्सेदार किती? ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. माझी सगळी नोकरी सीना आणि भीमेच्या मधल्या गावांत तलाठी म्हणून गेली. (२०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) वाटपाचे फेरफार लिहिले, पंचनामे केले, बांधाच्या भांडणात उन्हात उभा राहिलो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: एकट्या मालकाचा आंबा तरणाच पडतो, भावकीचा आंबा म्हातारा होतो.

शास्त्राचं उत्तर वेगळं आहे आणि तेही खोटं नाही. कोयीपासून वाढलेलं रायवळ झाड शंभरी ओलांडू शकतं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत शतक पाहिलेले आंबे आहेत. कलमी झाड तीन ते पाच वर्षांत फळाला येतं, चाळीस-पन्नास वर्षं बरं उत्पन्न देतं, मग उतरणीला लागतं. रायवळाला पहिलं फळ धरायलाच सहा ते दहा वर्षं लागतात, पण तो पुढं नातवंडांना पुरतो. तोडलेल्या सागाची वलयं मोजून वय काढता येतं. आंब्याच्या लाकडात ती तशी स्पष्ट उमटत नाहीत. त्यामुळं झाड उभं असो की आडवं, वय शेवटी माणसांनाच विचारावं लागतं. आणि माणसं आपापल्या गरजेप्रमाणं सांगतात, त्याविषयी पुढं येईलच.

मोहोळ हा मुळात ज्वारीचा मुलूख. मालदांडीच्या गावरान वाणातून इथल्या संशोधन केंद्रात निवडलेली 'एम ३५-१' ही रब्बी ज्वारी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अजून पेरली जाते. ज्या भारी काळ्या रानात मालदांडी पोसते, ते रान आंब्याला मानवत नाही. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून कोवळी मुळं तुटतात. म्हणून जुने आंबे सापडतात ते नदीकाठच्या मळईत, ओढ्याच्या कडेला, मुरमाड उतारावर आणि विहिरीच्या थारोळ्यापाशी. मोट हाकताना बैलांना आणि माणसाला सावली हवीच असे, आणि थारोळ्यातून सांडणारं पाणी झाडाला आयतं मिळे. बुजलेली विहीर नकाशावर सापडेना, की आम्ही आधी आंबा कुठं आहे ते बघायचो.

लावायची रीत साधी होती, पण सवडीची नव्हती. कोय फार दिवस टिकत नाही. महिनाभरात तिच्यातला जीव जातो. तेव्हा उन्हाळ्यात खाल्लेल्या आंब्याची कोय मिरगाच्या पावसावरच मातीत जायला हवी. ती जागेवरच लावत, म्हणजे सोटमूळ न दुखावता सरळ खाली उतरतं. पुढं तेच मूळ दुष्काळात झाडाला तारतं. शेळीपासून राखायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि पहिले तीन-चार उन्हाळे घागरीनं पाणी. हे पाणी घालायचं काम घरातल्या सुनांचं आणि पोरांचं. सातबाऱ्यावर नाव मात्र आजोबांचं लागलं. अशा किती बायकांनी आंबे वाढवले, याची नोंद कुठल्याच गाव नमुन्यात नाही.

राज्यकर्त्यांना या कष्टाची जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमाराच्या लाकडासंबंधी जे लिहिलं आहे ते मी नव्या तलाठ्यांना मुद्दाम सांगत असे. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं. पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडावं. राजी करून हे शब्द महत्त्वाचे. अडीच-तीनशे वर्षांनी आमच्या कचेरीतल्या कागदांतही अडायचं ते तिथंच.

रायवळाची दुसरी एक खोड आहे. आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि त्यात परागकण कुठल्या झाडाचे आले याचा भरवसा नसतो. त्यामुळं पोर आईवर जात नाही. साखरेसारख्या गोड आंब्याच्या कोयीतून दात आंबवणारं झाड निघतं. प्रत्येक रायवळ आंबा जगात एकटाच, म्हणून प्रत्येकाला नाव. शेपूचा वास येतो तो शेप्या. मग साखऱ्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, गोट्या. या बाबतीत मोहोळचा शेतकरी आणि दिल्लीचा बादशहा सारखेच म्हणायचे. १६९५ ते १६९९ औरंगजेबाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता, आणि नदीच्या अलीकडं आमच्या तालुक्यातलं बेगमपूर. शहजादा आझमनं पाठवलेल्या दोन जातींच्या आंब्यांना औरंगजेबानं 'सुधारस' आणि 'रसनाविलास' अशी नावं दिल्याचं त्याच्या पत्रांत आहे. आमचा शेप्या त्या मानानं गावंढळ, पण नावावरून चव कळते ती त्याचीच.

आता भावकीकडं येतो. एका गावात ओढ्याकाठी असाच एक शेप्या होता. जमिनीची वाटणी झाली तेव्हा झाड धाकट्या भावाच्या गटात गेलं, फळात मात्र दोघांचा हिस्सा राहिला. एक साल थोरल्याचं, एक साल धाकट्याचं, अशी पाळी ठरली. वरवर न्याय चोख. पण आंबा, त्यातही रायवळ, वर्षाआड धरतो. बहराची सालं नेमकी थोरल्याच्या पाळीत पडली आणि धाकट्याच्या वाट्याला नुसती पालवी. धाकट्याची खात्री की भाऊ रात्री येऊन मोहर झोडपतो. थोरल्याचं म्हणणं, झाड तुझ्या रानात, राखण तुझी, मला काय विचारतोस? वाद चावडीवर आला. आमचा कोतवाल शाळेत गेलेला नव्हता, पण तोडगा त्यानंच काढला: पाळी मोडा आणि दरसाल पाट्या वाटा. तेव्हापासून शिमग्याच्या सुमारास बागवान येई, मोहर आणि गोटीएवढी फळं बघून उक्ती रक्कम बोले, आणि पैसे दोन्ही घरांत निम्मे जात. वळीव किंवा गारपीट झाली तर ते नुकसान बागवानाचं. आखितीला पितरांना दाखवायची पाटी मात्र सौद्यातून वगळलेली असे. आधी पाडाला आलेली फळं झेल्यानं उतरवून घरच्या अढीत जात, बाकीची बाजारात.

पुढच्या पिढीत हिस्से फुटले. रुपयाचे आणे झाले, आण्यांच्या पै झाल्या. एका चुलतभावाच्या वाट्याला या झाडाचा दीड आणा हिस्सा होता आणि तो पुण्याला गिरणीत कामाला होता. लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. आंब्याचं लाकूड खोक्यांना चालतं, वीटभट्टीला चालतं, चौकटीलाही चालवून घेतात. बुंधा मोठा, भाव बरा. पण दर वेळी कुणीतरी एक आडवा येई. कधी रुसवा म्हणून, कधी हिशेब पटत नाही म्हणून, तर कधी फक्त दुसरा हो म्हणतो म्हणून. शेप्या उभाच.

कायद्यानंही या आडमुठेपणाला हात दिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ प्रमाणं धारण जमिनीतल्या झाडांवर हक्क धारकाचा. पण त्याआधीच, १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमन कायद्यानं, साग, चिंच, मोह, जांभूळ, फणस यांच्या जोडीनं आंबाही परवानगीशिवाय न तोडण्याच्या यादीत घातला होता. अर्ज आला की मी विचारायचो, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या कुठं आहेत? पुष्कळ अर्ज त्या एका प्रश्नावर परत गेले. एकट्या मालकाला ही अडचण नव्हती. झाड वाळलंय, धोक्याचं आहे, एवढं लिहून आणायचा. जागेवर जाऊन बघितलं तर बुंध्याची साल गोल सोललेली. झाड वाळलेलं असे हे खरं. ते कशानं वाळलं ते लिहायला अर्जात रकाना नव्हता.

मोहोळात आंब्याला दुष्काळानं मारलं असं सगळे म्हणतात. १९७२ ला विहिरी आटल्या, लोकांनी पोटासाठी लाकूड विकलं, त्याच्याही आधीच्या दुष्काळांत कोयीतला गर दळून खाल्ला, हे खरंच. तरी माझ्या पाहण्यात जास्त झाडं पाण्यानं गेली. १९८० ला उजनी धरण पूर्ण झालं, पुढं कालव्याचं पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. मोट तर विजेच्या पंपानं आधीच संपवली होती. थारोळ्याच्या आंब्याखाली बसायला बैलही उरले नाहीत. उसाला सावली नको, ट्रॅक्टरला वाकडा बांध नको. आणि आंब्याच्या मुळाशी पाणी साचून राहिलं, की तो वरून हिरवा दिसतो आणि आतून जातो. अशा दुबळ्या झाडात भिरूड शिरतो, खोड पोखरतो, बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो. फांद्यांवर बांडगूळ माजतं. मालक म्हणतो, म्हातारा झाला होता. वय साठही नसतं.

मग रस्ते आले. पुणे-सोलापूर मार्ग चौपदरी झाला, पाठोपाठ आळंदीहून पंढरपूरमार्गे मोहोळला येऊन मिळणारा पालखी मार्ग. भूसंपादनात फळझाडाची किंमत ठरते ती वय, उत्पन्न आणि पुढं फळ देण्याची उरलेली वर्षं बघून. इथं मी एक चमत्कार पाहिला आहे. हिस्स्याच्या दाव्यात जो आंबा खापरपणजोबांनी लावलेला होता, तोच मूल्यांकनाच्या पंचनाम्यात पंचवीस वर्षांचा झाला, ऐन भरातला. माझ्या डोळ्यांदेखत झाडं तरुण झाली! मी बुंध्याला दोरी लावून घेर लिहायचो आणि वयाच्या जागी 'मालकाच्या सांगण्यावरून' एवढं जोडायचो. ज्यांच्या झाडांची सातबाऱ्यावर कधी नोंदच नव्हती, त्यांना मात्र हेलपाटे घालावे लागले.

जुनी झाडं गेली, पण तालुक्यात आंबा कमी झाला असंही नाही. १९९० मध्ये सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि माळरानावर खड्डे खणले गेले. बोर, डाळिंब, चिंच आणि आंबा. आंब्यात मुख्यतः केसर. जुनागढच्या नबाबानं १९३४ मध्ये या फळाला केसर नाव दिलं, आणि आज मराठवाड्यात, सोलापुरात जिथं जिथं केसर आहे तिथं त्याच मूळ झाडाच्या काड्या वाढल्या आहेत. गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी कलमं बांधायला सुरुवात केली तेव्हापासून हापूसचंही तेच. कलम म्हणजे लेकरू नव्हे, त्याच झाडाचा पुढं चाललेला देह. झाडाचं वय या हिशेबानं मोजलं तर हापूस शतकांपूर्वीचा आहे आणि अजून ऐन उमेदीत आहे.

नव्या बागेत मात्र एका झाडानं शंभर वर्षं जगावं अशी कुणाची अपेक्षा नाही. पूर्वी दहा मीटरवर एक झाड, म्हणजे एकरी चाळीस. आता अतिघन लागवडीत एकरी सहाशेच्या वर जातात, दरसाल छाटतात, उंची माणसाच्या हाताला येईल एवढी ठेवतात. उत्पन्न लवकर मिळतं, शेतकऱ्याला ते हवंच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या बागेतल्या झाडाला कुणी नाव ठेवत नाही, आणि त्यात दीड आण्याचा हिस्सा मागायला कुणी पुण्याहून येत नाही.

शेप्या माझ्या निवृत्तीनंतर पडला. वादळानं अर्धा मोडला आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं. त्याची काडी कुणी घेतलेली नव्हती. ती शेपूची चव आता कुठल्याही रोपवाटिकेत मिळणार नाही.

म्हणून ज्यांच्या बांधावर नावाचा एखादा आंबा अजून उभा आहे, त्यांनी यंदाच दोन कामं करावीत. पहिलं, कलम. मिळतील त्या रायवळ कोयी जूनमध्ये पिशवीत लावा. रोपं उगवून पंधरा दिवसांच्या आत, पानं तांबूस असतानाच, जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड काडी घेऊन कोय कलम बांधा. हात बसलेला नसेल तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. एकाच घरात ठेवू नका, हिस्सेदारांना एकेक रोप द्या. दुसरं, नोंद. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. ती शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवरून करता येते, त्यासाठी तलाठ्याकडं जावं लागत नाही.